रजनीकांत अपिलात

चित्रपट-परीक्षण हा न्यायनिवाड्याचाच एक प्रकार आहे अशी समजूत सर्वत्र रूढ असली, तरी त्या निवाड्यावर अपील गुदरण्याची वहिवाट जितक्या निष्ठेने आमच्या सीमाभागात पाळली जाते, तितकी ती अन्यत्र कोठे पाळली जात असेल असे मला वाटत नाही. पुण्याचा रसिक परीक्षण वाचून चित्रपटाचे पैसे वाचवतो. मुंबईचा रसिक चित्रपट पाहून परीक्षणाचा वेळ वाचवतो. बेळगाव-निपाणीकडचा रसिक मात्र चित्रपटही पाहतो, परीक्षणही वाचतो, आणि मग उरलेला आठवडा परीक्षकाविरुद्ध फिर्याद चालवण्यात खर्ची घालतो. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या एकसदस्यीय आयोगाने १९६७ साली सीमाप्रश्नाचा अहवाल दिला, कर्नाटकाने तो शिरोधार्य मानला, महाराष्ट्राने तो साफ नाकारला, पुढे २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो अद्याप दप्तरी आहे. अशा हवेत ज्याचे बारसे झाले, लग्न झाले आणि आता नातवाचे बारसे जवळ आले आहे, त्या माणसाने, कोणी एक गृहस्थ अंधारात अडीच तास बसतो, मध्यंतरात वडा खातो आणि दुसऱ्या दिवशी ‘पाचांपैकी अडीच तारे’ असा हुकूमनामा काढतो, तो अंतिम मानावा तरी कसा? परीक्षक म्हणजे अखेर एकसदस्यीय आयोगच. आणि एकसदस्यीय आयोगाचे काय करायचे असते, हे आमच्याकडे मूल शाळेत जाण्यापूर्वीच शिकते.

प्रस्तुत खटल्यातील वादविषय म्हणजे रजनीकांत यांचा ‘कुली’. तो १४ ऑगस्ट २०२५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, मूळ तमिळसह हिंदी, तेलुगू आणि कन्नड अशा वेशांत देशभर झळकला. १९७५ सालच्या ऑगस्टात के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एक फाटक ढकलून जो दाढीवाला तरुण पडद्यावर आला, त्याच्या कारकीर्दीची पन्नाशी या निमित्ताने भरत होती, त्यामुळे मुहूर्ताला धार्मिक विधीचे गांभीर्य प्राप्त झाले होते. दिग्दर्शक लोकेश कनगराज. खलनायक तेलुगूतला नागार्जुन. बरोबर तमिळ सत्यराज आणि श्रुती हासन, मल्याळी सौबिन शाहीर, कन्नडमधले उपेंद्र आणि रचिता राम, आणि अगदी शेवटास हिंदीतला आमीर खान. एवढा गोतावळा एका पडद्यावर दाटीवाटीने उभा राहिलेला पाहून आमच्या मंडळातील वकीलसाहेबांनी, “ही पात्रयोजना आहे की राज्य पुनर्रचना आयोग?” असा जाहीर सवाल केला होता, तथापि हा सवाल त्यांनी आपलेपणाने केला होता, आणि दुसऱ्या दिवशी एका परीक्षकाने जवळजवळ तोच सवाल छापून केला तेव्हा वकीलसाहेबच त्याच्यावर सर्वांत आधी तुटून पडले.

बेळगावच्या मराठी माणसाने एका तमिळ नटासाठी एवढे रक्त का आटवावे, अशी शंका परमुलखातील वाचकास येईल. तिचे उत्तर एका नावात आहे: शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, मुक्काम बंगळूर, वडील रामोजीराव पोलिसात, आई जिजाबाई. एवढी चार नावे उच्चारली की आमच्याकडचा मराठी पक्षकार पुरावा संपल्याचे जाहीर करून खाली बसतो. शिवाजी आणि जिजाबाई ही दोन नावे एकाच दाखल्यावर आल्यावर आणखी उलटतपासणीची गरज ती काय? शिवाय घराण्याचे मूळ गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार असे सांगतात. परंतु कन्नड पक्षही हातावर हात ठेवून बसलेला नाही. त्याचे म्हणणे असे की गायकवाडांचे पूर्वज मावडीहून निघाले ते विजापूर जिल्ह्यातील बसवन बागेवाडीस येऊन राहिले होते, स्वतः हा इसम बंगळूरच्या शहर बससेवेत वाहक होता, आणि पुट्टण्णा कणगाल यांच्या ‘कथा संगम’ या कन्नड चित्रपटात १९७६ साली त्याने काम केले; म्हणजे जन्म आमचा, पगार आमचा, उमेदवारीही आमची. तमिळ पक्ष या तंट्यात मुळी हजरच राहत नाही. ज्याचा कबजा असतो त्याला हजर राहण्याचे कारण नसते, हे दिवाणी कायद्याचे तत्त्व आम्हां सीमावासीयांस पुस्तकात पाहावे लागत नाही.

मराठी पक्षाची खरी जखम मात्र निराळीच आहे आणि ती तो सहसा दाखवीत नाही. रजनीकांतांनी तमिळमध्ये काम केले, तेलुगूत केले, कन्नडमध्ये, मल्याळममध्ये, हिंदीत केले. १९८८ साली ‘ब्लडस्टोन’ नावाच्या चित्रपटात ते इंग्रजी बोलले. १९९५ साली ‘भाग्य देवता’ या चित्रपटात बंगालीतही दिसले. मराठी चित्रपट मात्र शून्य. घरी आईबापांशी जी भाषा बोलला ती सोडून भूमंडळावरच्या उरलेल्या सगळ्या भाषांत हा माणूस चष्मा फिरवून आला, हे आठवले की मंडळातील मराठी पक्षाचे म्होरके असलेल्या आमच्या मास्तरांच्या हातातला चहा गार होतो. “बंगालीत गेलास, बाबा,” ते पडद्याकडे नव्हे तर कपाकडे पाहून म्हणतात, “मग वाटेत कोल्हापूर लागत नव्हतं होय?”

या दुखण्यावर एकदा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या कन्नड स्नेह्यांनी, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात, मोठ्या समजुतीने तडजोडीचा मसुदा पुढे केला होता. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने आमच्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांना तुम्ही १८८०च्या ‘शाकुंतला’पासून बिनबोभाट वापरीत आलात, आम्ही कधी भाडे मागितले नाही. “तर असं करूया री मास्तर,” सर म्हणाले, “किर्लोस्कर तुमच्याकडं ऱ्हाऊ दे, रजनी आमच्या नावावर करून टाका. गावांची अदलाबदल करतात, तशी.” मास्तरांनी विचार करण्यास मुदत मागितली. ती मुदत अजून संपलेली नाही.

वाहक या पदाविषयी येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. आमच्या भागात बसवाहक हा एक नाजूक विषय आहे; ‘कुली’च्याच वर्षी फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला आणि त्याचे पर्यवसान असे झाले की दोन्ही राज्यांच्या गाड्या काही काळ सीमेपाशीच थबकल्या, आणि निपाणीच्या माणसाला चाळीस किलोमीटरवरचे कोल्हापूर लंकेइतके दूर झाले. हाफ तिकिटावरून सुरू झालेले बोलणे कोणत्या भाषेत पुरे करावे हा प्रश्न ज्या प्रदेशात कायदा व सुव्यवस्थेचा होतो, त्याच प्रदेशात सहा महिन्यांनी एका माजी वाहकाच्या पूर्णाकृती फलकास दोन्ही भाषांची माणसे एकाच घागरीतून दुधाचा अभिषेक करतात, आणि कोणत्या भाषेत मंत्र म्हणावा याची चौकशीही करीत नाहीत. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की वाहकाने शिट्टी वाजवावी, भाषा वापरू नये. रजनीकांत बसमध्ये तिकिटे फाडीत असतानासुद्धा पैसे हवेत उडवून झेलीत असणार, संभाषणाची वेळच येऊ देत नसणार. हे केवळ अनुमान आहे. परंतु आमच्याकडे अनुमानावर याहून मोठी प्रकरणे उभी आहेत.

आता मूळ फिर्यादीकडे वळू. गावातील एका जुन्या वाचनालयात शनिवार-रविवारी वृत्तपत्रांच्या टेबलाशी जी गर्दी होते, ती राजकारणासाठी होते असा ग्रंथपालांचा गोड समज होता. ‘कुली’च्या आठवड्यात तो फिटला. मुंबईहून निघणाऱ्या एका पत्रात परीक्षण आले होते. मजकुराच्या शेवटी पाच ताऱ्यांची रांग, त्यांतील दोन पूर्ण काळे, तिसरा अर्धा, आणि उरलेले पोकळ. दुपारी तीनच्या सुमारास मी ते पान पाहिले तेव्हा तिसऱ्या ताऱ्याचा उरलेला अर्धा आणि चौथा पूर्ण, असा ऐवज निळ्या बॉलपेनने काळजीपूर्वक भरलेला होता. रेषा कोठेही कडेबाहेर गेलेली नव्हती, म्हणजे हे काम रागाच्या भरात झालेले नसून विचारान्ती झालेले होते. पाचवा तारा मात्र मुद्दाम मोकळा ठेवला होता. खाली पेन्सिलीने ग्रंथपालांची सूचना: ‘वृत्तपत्रावर लिहू नये.’ आणि तिच्याखाली पुन्हा त्याच निळ्या पेनने उत्तर: ‘दुरुस्ती केली आहे, लिहिलेले नाही.’ भूमिअभिलेखाच्या कचेरीत ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे फेरफारांच्या नोंदी पाहिल्या आहेत, त्याच्याच हातचे हे काम असावे असा माझा वहीम आहे. पाचवा तारा न भरण्याची सचोटीही त्याच कचेरीत क्वचित आढळते म्हणून मी तो वहीम बोलून दाखवला नाही.

परीक्षकाचे आक्षेप मुख्यतः तीन होते: पात्रे फार, पटकथा विस्कळीत, आणि तर्काला सुटी. त्यांचा विचार खडेबाजाराच्या अलीकडील एका हॉटेलात, दोन कप चहा चार बशांत वाटून, पूर्ण पीठापुढे झाला. पात्रे फार या मुद्द्यावर फारसा खल झाला नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसांना तो आक्षेपच समजला नाही. विस्कळीतपणावर मास्तर बोलले. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातून नेमका चंदगड तालुका उचलून मुंबई राज्यात ठेवला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरला दिला, त्यात पटकथेची कोणती सुसूत्रता होती, असे त्यांनी विचारले. ज्यांनी ती पटकथा सत्तर वर्षे भोगली, त्यांना अडीच तासांचा विस्कळीतपणा सांगणारा हा कोण मोठा शहाणा? यावर सरांनीही मान डोलावली. त्यांची मान त्या विषयावर मास्तरांच्या बाजूने कधीच डोलत नाही, हे जाणणाऱ्यांना त्या क्षणाचे महत्त्व कळेल.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र प्रकरण गुंतागुंतीचे झाले. ज्यांनी ‘कुली’ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो की त्यात सत्यराज यांनी एक विजेची खुर्ची तयार केलेली असते; प्रेत तिच्यावर बसवले, झाकण लावले, कळ दाबली की थोड्याच वेळात त्याची राख होते, आणि विशाखापट्टणमच्या बंदरातील खलमंडळींची मोठी सोय होते. परीक्षकाने ही खुर्ची असंभाव्य ठरवली होती. पीठापुढे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उद्यमबागेतील एका फौंड्रीत भट्टीवर काम करणारा तरुण हजर होता. हा गडी रजनीकांतांच्या भक्तांत अग्रगण्य. पहिल्या खेळाला शिट्ट्या घालून त्याचा आवाज दोन दिवस बसलेला होता. वकीलसाहेबांनी त्यास विचारले की खुर्ची शक्य आहे की नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. एका बाजूला दैवत, दुसऱ्या बाजूला रोजची भाकरी देणारी विद्या.

“साहेब,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आमची भट्टी लोखंड पातळ करतीया, पन ती काय कळ दाबली की तापत न्हाई. आत अस्तर लागतंय, पाणी फिरतं ठेवाय लागतंय, आणि करंट किती वडतीया म्हायत हाय काय? ती खुर्ची तर चाकावर हाय. वायर कुठाय तिची?”

सभेत सन्नाटा पसरला. घरचाच साक्षीदार फितूर झाला की वकिलाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर दाटून आले. परंतु गडी खरा भक्त होता. त्याने चहाचा घोट घेतला, कपाळावर आठी घातली आणि स्वतःच वाट काढली. “बंदरातली लाइन असंल बगा. इंडस्ट्रियल. आमच्यासारखी लाइट जात नसंल तितं.” विद्येलाही धक्का नाही, दैवतालाही नाही, आणि दोष कोणा मनुष्यमात्राकडे न जाता विजेच्या तारेकडे गेला. इतका सुंदर निवाडा मी कोणत्याही वरिष्ठ न्यायालयात वाचलेला नाही.

निपाणीचे न्यायशास्त्र यापेक्षा वेगळ्या पायावर उभे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा महाजनांपाशीच जाते. त्या आयोगाने महाराष्ट्रास जी २६४ गावे देऊ केली त्यांत निपाणी होती, खानापूर होते, नंदगडही होते. बेळगाव शहर मात्र जेथे आहे तेथेच राहू दिले. परीक्षकांच्या परिभाषेत सांगायचे तर निपाणीस पाचांपैकी पाच तारे मिळाले, बेळगावास भोपळा. आणि पुढे दोघांचीही परिस्थिती तसूभर बदलली नाही. म्हणून वाईट परीक्षण आले की बेळगावकर खवळतो, निपाणीकर खवळत नाही. पण चांगले परीक्षण आले तरी तो हुरळतही नाही. “निकाल आमच्या बाजूनंच लागलेला हाय की पन्नास वर्सं झाली,” तेथील एक तंबाखूचे व्यापारी वखारीच्या उंबऱ्यावर बसून मला म्हणाले, “अंमल कुठाय?” त्यांच्यापुढे जर्द्याची रास होती, त्यातून चिमूट उचलायची, तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता भाव सांगायचा, हा त्यांचा दिनक्रम. ‘कुली’ची पारखही त्यांनी त्याच पद्धतीने केली होती: पहिली वीस मिनिटे पाहिली, एकदा हुंगल्यासारखे केले आणि “माल चांगला, भरणी जास्त” असे म्हणून उठून गेले. पानभर परीक्षणे लिहिणाऱ्या कोणीही त्या चित्रपटाविषयी याहून अधिक काही सांगितले आहे असे मला आढळले नाही. मात्र हे त्यांनी मला खासगीत सांगितले. चौकात विचारले असता त्यांनी “एक नंबर” असाच जबाब दिला.

त्याच निपाणीस खेटून देवचंद महाविद्यालय आहे. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. विद्यार्थी रोज सकाळी घरातून निघून परराज्यात शिकायला जातात आणि जेवायला स्वराज्यात परततात, किंवा उलट, ज्याची जशी राजकीय श्रद्धा असेल तसे. या भूगोलाचा फायदा तेथील पोरांनी परीक्षणाच्या बाबतीतही करून घेतला आहे. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, जेथे कोल्हापूरकडची मुलेही असतात, तेथे ती ‘कुली’ फसल्याचे मोकळेपणाने मान्य करतात. पण रस्ता ओलांडून निपाणीच्या चहाच्या गाड्यावर आली की तोच चित्रपट अजिंक्य ठरतो. विसंगतीबद्दल विचारले तर उत्तर तयार असते: ते विधान दुसऱ्या राज्याच्या हद्दीत केले होते, येथे ते पुराव्यात घेता येणार नाही.

आकड्यांचा पुरावा मात्र दोन्ही हद्दींत ग्राह्य धरला जातो. पहिल्या दिवसाचे जगभरातील उत्पन्न १५१ कोटींहून अधिक, असे निर्मात्यांनी जाहीर केले, आणि तो आकडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अशा लोकांच्या तोंडी होता ज्यांना स्वतःच्या सोसायटीच्या कर्जाची बाकी किती हे विचारले असता वही बघावी लागते. पुढे परदेशचे व देशाचे मिळून पाचशे कोटींच्या घरात गल्ला गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तर परीक्षकाने अब्रूनुकसानीची भरपाई द्यावी असा ठराव येता येता राहिला. गर्दी जमली म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही, असे मी एकदा हळूच म्हणून पाहिले. मास्तरांनी मला चष्म्यावरून पाहिले आणि सीमाभागातील मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या, १ नोव्हेंबरच्या मोर्चाला जमलेल्या गर्दीविषयीही मी हेच म्हणणार काय, असे विचारले. मी विषय बदलला.

विषय बदलण्यास प्रमाणपत्राचे प्रकरण कामी आले. सेन्सॉरने ‘कुली’ला ‘ए’ दिले, म्हणजे अठरा वर्षांखालील प्रजेस प्रवेश बंद. जो नट तीन पिढ्या एका रांगेत बसवून दाखवण्याचा, त्याच्या चित्रपटाच्या दारातून नातवंडांना परत पाठवण्याची पाळी आली. निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, ती ऑगस्टअखेर नामंजूर झाली. सप्टेंबरच्या ११ तारखेस चित्रपट घरोघरच्या पडद्यांवर आलाही, आणि ज्या मुलांना द्वारपालाने अडवले होते त्यांनी तो आजोबांच्या मांडीवर बसून, खुर्चीसह, दोनदा पाहिला.

या भक्तीची कसोटी पाहणारा प्रसंग त्याआधी एकदा येऊन गेला होता. २०१८ साली कावेरीच्या पाण्याविषयी रजनीकांत जे बोलले त्यावरून कर्नाटकातील चित्रपट व्यावसायिकांच्या मंडळाने ‘काला’ न दाखवण्याचे ठरवले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, खुद्द रजनीकांतांनी कन्नडमधून विनवणी केली. त्या आठवड्यात सरांनी जड अंतःकरणाने आपला स्वामित्वहक्क सोडून दिला, आणि शिवाजीराव गायकवाड या मिळकतीचा संपूर्ण कबजा, कोणाचाही उजर नसता, मराठी पक्षाकडे आला. एवढा मोठा विजय इतक्या स्वस्तात आम्हांस पूर्वी कधी मिळाला नव्हता. पण दैवाची खोड पाहा: ‘काला’ची कथा मुंबईतल्या धारावीची, नायक तमिळ वस्तीचा कैवारी, आणि त्या वस्तीची जमीन गिळू पाहणारा खलनायक कोण, तर आपले नाना पाटेकर! वडिलोपार्जित मराठी रजनीकांत तमिळ झालेला आणि अस्सल मराठी नाना समोर खल झालेला, अशा पेचात मास्तर सापडले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण नक्की कोणाला वाजवल्या हे शेजाऱ्यास कळू नये इतक्या हलक्या वाजवल्या. चार दिवसांनी सर परत आले, हक्क पूर्ववत सांगू लागले, आणि मास्तरांना मनातून सुटल्यासारखे झाले असावे. एकट्याच्या मालकीचा सारा एकट्यालाच भरावा लागतो.

त्याहूनही मागे, २००७ साली, ‘शिवाजी’ या नावाचा रजनीकांतांचा चित्रपट आला तेव्हा, नुसते नाव ऐकून आमच्या गल्लीतील काही ज्येष्ठ मंडळी सहकुटुंब गेली होती. नायक अमेरिकेहून आलेला अभियंता निघाला. ती मंडळी मध्यंतरापर्यंत अफजलखानाची वाट पाहत होती असे सांगतात. तरीही घरी आल्यावर त्यांनी चित्रपटास नावे ठेवली नाहीत. पैसे तर गेलेच होते, आता पक्षही का सोडावा?

भक्त मनातून सारे जाणून असतो, हे येथे सांगितले नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. पहिल्या खेळावरून परतताना, टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबावे लागले, तेव्हा दुचाकीवर मागे बसलेल्या त्या फौंड्रीतल्या गड्याने माझ्या कानाशी येऊन, “मधी जरा डोळा लागला माजा,” असे कबूल केले होते. मी म्हटले, “मग परीक्षकानं काय वेगळं लिहिलंय?” त्यावर तो मागच्या मागे ताठ झाला. “मला झोप आली ती माजी,” तो म्हणाला. “त्येला आली तर त्येनं घरी झोपावं की, पेपरात कशाला?” पुढे फाटक उघडले आणि मागच्या वाहनांनी भोंगे वाजवण्यास सुरुवात केली, त्यामुळे या सिद्धान्ताचे पूर्ण विवरण होऊ शकले नाही.

अपिलाचा अंतिम भाग म्हणून आता मंडळाने थेट रजनीकांतांनाच अर्ज पाठवण्याचे ठरवले आहे. पंचाहत्तरीस पोचलेल्या या कलावंताने एक तरी मराठी चित्रपट करावा, तो सीमाभागात करावा, आणि त्यातील भूमिका त्यांच्या पूर्वानुभवास धरून बेळगाव-निपाणी मार्गावरील बसवाहकाची असावी, असा मसुदा वकीलसाहेबांनी तयार केला. अर्ज मराठीत लिहावा की कन्नडमध्ये यावर दोन बैठका झाल्या. अखेर तो इंग्रजीत लिहिण्याचे एकमताने ठरले. मग सरांनी अडचण काढली. वाहक कोणत्या महामंडळाचा? कर्नाटकाचा म्हटला तर मास्तर सही करणार नाहीत. महाराष्ट्राचा म्हटला तर सर सही करणार नाहीत, शिवाय वाद पेटला की चित्रीकरण सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच थांबणार. तोडगा म्हणून खासगी ट्रॅव्हल्सची गाडी सुचवण्यात आली व ती सर्वांना पसंत पडली, तोच फौंड्रीतल्या गड्याने शांतपणे दाखवून दिले की खासगी गाडीवर वाहक नसतोच, क्लीनर असतो. जो दशकानुदशके नायक म्हणूनच मिरवला तो क्लीनर होण्यास राजी होईल काय, आणि झालाच तर दार बडवून “चल, चल” हे तो कोणत्या भाषेत म्हणेल, या दोन मुद्द्यांवर विचार करण्यासाठी पुढील बैठक येत्या रविवारी, चहाचा खर्च ज्याचा त्याने करावा या अटीवर, बोलावण्यात आली आहे.